दाजींच्या वहीतल्या माश्या

विश्वास ठेवायचा कुणावर, तुम्हीच सांगा? वहीवर, की वही लिहिणाऱ्यावर? कारण तुम्हाला सांगतो, माझं बी-बियाण्याचं, औषधांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून. आणि अशा माणसाला आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, महिनाभर नाचवलं...

झालं काय, ताईनं काकडी लावली. व्यापारी महाकडक. "काकडीत अळी निघाली तर गाडी परत. आणि तोडणीआधी दहा दिवसांत फवारा मारलात, तरी गाडी परत." इकडे आड, तिकडे विहीर. ताईचा अख्खा हंगाम त्या एका गाडीवर. मी म्हटलं, ताई, अळी होते फळमाशीच्या अंड्यांतून, ती माशी काकडीला डंख मारून आत अंडी घालते. ती फवाऱ्याशिवायही आवरते. वेलाच्या उंचीवर सापळे टांग, आत वासाची वडी ठेव. नर त्या वासाला भुलून आत शिरतात, ते परत निघत नाहीत. डंखलेली काकडी दिसली की तोड, पिशवीत घट्ट बांध. आणि दर सोमवारी माश्या मोजा, म्हणजे वाढतायत की घटतायत ते कळेल.

मोजायचं काम घेतलं दाजींनी. तिथंच माशी शिंकली.

पहिल्या सोमवारी फोन. "मेव्हणे, चाळीस." बरं. दुसऱ्या सोमवारी, "बासष्ट." तिसऱ्या सोमवारी, "एकाहत्तर." मी म्हटलं, दाजी, नीट मोजताय ना? "आकडा खोटं बोलतो का, मेव्हणे?" चौथ्या सोमवारी, "चौऱ्याहत्तर." आणि गाडी शनिवारी! मागून ताईचा रडका आवाज, "जाऊ दे ती गाडी. फवारून टाकू, बाजारात मिळेल त्या भावाला विकू."

आता मी औषध विकणारा माणूस. पण ताईसाठी औषध काढताना हात जड झाला हो. डबा घेतला, शेतात गेलो, वहीत पाहिलं, पक्कं चौऱ्याहत्तर. म्हटलं, एकदा सापळा तरी बघू. झाकण काढलं... वर एखादीच ताजी माशी, आणि खाली? खाली वाळून कोळसा झालेलं माश्यांचं अख्खं गाव.

"दाजी, हा रिकामा कधी केलात?"

"रिकामा? पुरावा कुणी फेकतं का?"

"म्हणजे दर सोमवारी मागच्या मेलेल्याही मोजल्यात?"

"मग त्या काय माश्या नव्हत्या? आकडा खोटं बोलतो का, मेव्हणे?"

मी बांधावरच बसलो. बासष्टातून चाळीस वजा करा, बावीस. मग नऊ. मग तीन. अहो, माशी संपत आली होती, आणि आम्ही तिच्या भुतांवर फवारा घेऊन निघालो होतो. ताई आधी हसली, मग दाजींकडे बघून हसायची थांबली.

शनिवारी व्यापाऱ्यानं वीस काकड्या उभ्या चिरल्या. वीसच्या वीस स्वच्छ. गाडी भरून गेली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. डबा तसाच दुकानात परत आला, पण खरं सांगतो, न खपलेल्या मालाकडे बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग सोमवारी फोन. "मेव्हणे, शून्य."

"वा दाजी. मोजलंत कसं?"

"तुम्ही सांगितलंत तसं. आधी रिकामा केला, मग मोजल्या. आकडा खोटं बोलतो का?"

तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो, सापळा कुणाच्याही दुकानातून घ्या, पण हिशेब खरा ठेवा. आधी मोजा, मग ओता. आणि शक्यतो वही ताईकडे द्या.