ह्यांचा हात माझ्या पायाला

माझं माहेर खंडाळ्याकडचं, दिली तासगावाकडं. लगीन झालं तवा मालक मिल्ट्रीत, सुट्टीला आलं तर दिसायचं, मी हिकडं सासूबरोबर रानात आन् मग बेदाण्याच्या शेडवर. बेदाणा निवडायचा म्हंजी दिसभर उकिडवं बसायचं, काड्या काढायच्या, काळा मणी बाजूला टाकायचा. काय सांगू तुमाला, त्या बसण्यानंच माझं गुडगं खाल्लं. पर चार बायका संगतीला हुत्या, हसत-खिदळत दिस जायचा, तवा कुणाच्या ध्यानात येतंय.

तर आता उजव्या गुडग्याची वाटी बदलली, सांगलीला. लेक आली हुती दवाखान्यात, पर तिकडं तिची सासू पडली, मग मीच म्हणलं, जा बाई तू तुझ्या घरी. ऱ्हायलो आमी दोघं, मी आन् मिल्ट्रीतनं हवालदार हून पेन्शनीत आलेलं मालक. दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या पोरीनं मालकांना दाखवून दिलं, काका असं बसा, काकूंची टाच अशी धरा, दुसरा हात गुडग्यावर, आन् हळूहळू वाकवायचं. सकाळ-सांज करायचं. काकू वरडतील पर तुमी थांबू नका, सुरवातीलाच वाकला तर वाकला, न्हाईतर आखडून बसंल. मालक लगीच ताठ, व्हय म्हणलं.

आवं, पर आमच्यात नवऱ्यानं बायकूच्या पायाला हात लावायचा न्हाई, पाप मानत्यात. चुकून माझा पाय लागला तर मी वाकून पाया पडणारी बाई, आन् ह्यांनी माझी टाच मांडीवर घ्यायची? मला आधी लाजच लय वाटली. पर घेतली त्यांनी. पाट घेऊन खाली बसायचं, वाकवताना तोंडानं एक-दो, एक-दो, जशी काय परेडच. मी वरडले की म्हणायचं, रडायचं ते रड, पाय सोडणार न्हाई. दुखायचं, पर खरं सांगते, बरं बी वाटायचं. उभ्या जल्मात एवढा येळ ते माझ्यापाशी बसलं नव्हतं.

आन् मग थोरल्या जाऊबाई आल्या बघायला, बिस्किटाचा पुडा घेऊन. दारातच थांबल्या, तोंडाला पदर लावला. म्हणल्या, बया, भावजींना हेच काम ऱ्हायलं हुतं व्हय? झालं. मी पाय वढून घेतला, असा वढला की डोळ्यापुढं अंधारी आली. सांजच्याला सगळ्या गल्लीला माहीत, हवालदार बायकूचं पाय चेपतोय. एक बाई तर मुद्दाम इरजण मागायला आली आन् खाटंकडं वाकून बघून गेली.

त्या दिसापास्नं मी त्यांना हात लावू दिला न्हाई. म्हणलं माझं मी करते, तुमी भाईर जावा. ते इचारायचं, केलं का? मी म्हणायची, केलं की. कशाचं करतीया, जरा दुखलं की सोडून द्यायची, गुडग्याखाली उशी घालून पडायची. उशीनं लय बरं वाटायचं बघा. मालकांनी माझ्या बोलण्यावर इस्वास ठिवला.

मग तपासायला गेलो सांगलीला. डॉक्टर म्हंजी लेकाच्या वयाचा. गुडगा वाकवून बघितला, न्हाई वाकला, सरळ बी हुईना. चिडला. मालकांकडं बघून म्हणला, काका, तुमाला एवढं शिकवून पाठवलं, बायकोसाठी जरा बसवत नाही का? मी खाटंवर. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं वाटतंय, पर तोंडच उघडंना. आन् मालकांनी मान खाली घातली, म्हणलं, व्हय सायेब, माझीच कसूर झाली. गुडगा वाकंना तवाच त्यांना सगळं कळलं हुतं बघा, तरी बी. गोळ्या चालल्या तिथं उभा ऱ्हायलेला माणूस, माझ्यासाठी पोरासमोर मान खाली घालून उभा.

घरी येताना मी लय रडले. ते म्हणलं, गुडगा दुखतोय का?

आता मालक परत माझी टाच धरून बसत्यात रोज, दार सताड उघडं ठिवून. जाऊबाई आल्या तर म्हणते, या, बसा, चा घ्या. पर आखडलेला गुडगा, आता दुप्पट दुखतोय, आन् पुरा काय वाकणार न्हाई म्हणत्यात.

परवा परत गेलो. मी मनाशी घट्ट केलं हुतं, आत गेल्या गेल्या डॉक्टरला सांगायचं, माझ्या मालकांची काय सुदिक चूक न्हाई, मीच खोटं बोलले. तर खुर्चीत दुसराच डॉक्टर. म्हणलं, आदीचं सायेब? तर ते नोकरी सोडून दूर कुठं गेलं म्हणं. आता त्या पोराच्या ध्यानात आमचं मालक तसंच ऱ्हाणार, बायकूसाठी बसवत न्हाई असला माणूस. जिथं असंल तिथं देव त्याला सुखी ठिवो, पर त्याला आता कोण सांगणार?