सिनेमाला वन्स मोअर

परवा मारुंजीत आमच्या सोसायटीनं जुन्या संगीत नाटकावरचा सिनेमा लावला आणि माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं बातमीदारीत मी एकच भांडण लढलो : सिनेमा म्हणजे नाटकाचा मुडदा, ‘वन्स मोअर’ ओरडलं तरी नट पुन्हा गात नाही. शेजारी बसलेल्या तात्यांना हेच सुनावलं. तात्या इथले मूळचे शेतकरी, जत्रेतल्या नाटकांत गायलेले.

पद संपताच तात्या गरजले, “वन्स मोअर!” रिमोटवाल्यानं मुकाट्यानं पद पुन्हा लावलं.

मी उसळलो, “अहो तात्या, हे त्या नटाला ऐकू जातं का?”

“गडी जाऊन लई वर्सं झाली, पत्रकार. तुमच्या नाटकात ओरडून उठवून दावा त्याला!”