दिलीपभाऊच्या गाडीखाली वाकले तेव्हा

मला भोचक म्हणा, पण त्या दिवशी मी गाडीखाली वाकले नसते तर काय झालं असतं, ते ऐका.

शेजारचे दिलीपभाऊ मुलाच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, घरच्यांना पिकअपमध्ये बसवून कुडव्याहून चिचगडला निघाले होते. मला बोलावणं नव्हतं. कोण कोणती साडी नेसलं, ते पाहायला मी फाटकात उभी होते. तेवढ्यात गाडीखाली काहीतरी ठिबकताना दिसलं. वाकून पाहते तर ब्रेकची अन् डिझेलची नळी गाडीच्या सांगाड्याला चक्क नायलॉनच्या दोरीनं बांधलेली! दोरी सायलेन्सरला टेकून वितळली होती अन् ब्रेकची नळी चाकाला घासत होती.

मी सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिले.

"वहिनी, बाजूला व्हा. मुहूर्त चुकते."

"नळीला दोरी कायले बांधली, भाऊ?"

"क्लिप तुटली होती. जन्मभर धानाचे भारे बांधून राहिलो, माझी गाठ कधी सुटली काय?"

"भाऱ्याखाली सायलेन्सर नसते, भाऊ! जागीच ब्रेक दाबून दाखवा, मग हटते मी."

मागून त्यांची म्हातारी आई ओरडली, "हिले बोलावलं नाही म्हणून अडवून राहिली!"

मी हटले नाही. भाऊंनी रागानं ब्रेक दाबला. पेडल तळाला गेलं अन् वर आलंच नाही. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हातारीच पहिली खाली उतरली. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "दुसरी गाडी बोलावतो आम्ही. तू बी चाल आता. पण बसायच्या आधी तिच्याखाली वाकून पाहजो."