आईच्या ओट्यावरचं मशीन

मला वाटलं होतं, आमच्या कांदिवलीच्या एवढ्याशा ओट्यावर कॉफीचं मशीन बघून आई ओरडणार. पण ती म्हणाली, "दाखव तरी, मेलबर्नला काय शिकलीस!"

मागच्या मोठ्या तापापासून तिला कसलाच वास येत नाही यार. फोडणी जळली की शेजारच्या काकू ओरडून सांगतात.

मी कॉफीच्या बिया दळल्या, पूड मशीनच्या चाळणीत दाबून भरली, बटण दाबलं. "हा एस्प्रेसो, म्हणजे नुसती कडक कॉफी. वाफेवर तापवलेलं दूध घातलं की लाते. फेस जास्त, तर कॅपुचिनो."

आई कपावर वाकली. "गॅसवर काही जळतंय का गं?"

गॅस बंद होता.

"मग... मला या कॉफीचा वास आला?"

माझ्या अंगावर काटा!

मशीन खरं तर मी उघडणार असलेल्या कॅफेत जाणार होतं. सकाळी उठून मी आधी आईचा मिक्सर हलवला आणि मशीनला ओट्यावर कायमची जागा केली. कॅफेसाठी दुसरं बघू.