गणितात गती नाही

"हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

मनिषाने रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला. गवारीचं ताट मांडीवर तसंच होतं. शहाण्णव सालचा जून, शनिवार. शाळा सकाळची होती, आता दुपारची निवांत बसून ती शेंगा मोडत होती.

"आक्का? तू व्हय! मग बोल की गं… कुठनं बोलतीस?… निरवांगीतनंच? बूथ निघाला व्हय गावात?… बरं झालं बाई."

बारामतीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून तिला बारा वर्षं झाली होती. तिथे तिच्या तोंडून 'आहे' आणि 'नाही' अगदी धुतल्यासारखं येई. पण थोरल्या बहिणीचा, कौसल्याचा, आवाज आला की जीभ आपसूक घरच्या वळणावर जायची.

"समदी बरी हायती न्हवं?… मग?… उद्या?… उद्या काय हाय?… सुपारी? कुणाची सुपारी फोडताय?… वैष्णवीची?"

हातातली शेंग मोडली. तिने दुसरी घेतली.

"हो, हो… ऐकतीय… लोणी भापकरचं स्थळ. पोराचं नाव?… नागेश. दुधाच्या गाडीवर… बरं. जमीन हाय… बरं. अगं पर आक्का, ऐक ना. पोरीला पंधरावं लागलंय नुस्तं… तुझं कशाला काढतीस? तुझं चौदाव्यात झालं, ते काय लई बरं झालं व्हय?… न्हाय, भांडत न्हाय मी. नववी नापास झाली, ती बी एका गणितात. परत बसंल वर्गात. त्यात काय?… कुणी सांगितलं तुमाला, तिला झेपायचं न्हाय म्हणून?"

पलीकडून उत्तर आलं.

"मी?"

वैष्णवी कौसल्याची मुलगी. मे महिन्यात ती तीन आठवडे मावशीकडे राहून गेली होती. तिच्या वडिलांनी, रामहरीने, मुद्दाम निरोप धाडला होता की पोरीला परत नववीला बसवावं की बस करावं हे तुम्हीच पारखून लिहा, तुम्ही म्हणाल तसं. मनिषाने रोज संध्याकाळी तासभर तिला घेतलं. आधी समीकरणं काढली, मग अपूर्णांक, मग खाली येत येत साधा भागाकार. पोरगी मान खाली घालून बसायची. तिला माघारी पाठवलं त्या दिवशी मनिषाने रामहरीला पत्र टाकलं. वर्षाला दीडशे प्रगतिपुस्तकांत शेरे भरायचा हात, तो त्याच वळणाने गेला: 'चि. वैष्णवी शांत, कामसू व आज्ञाधारक आहे. गणितात गती नाही. प्रयत्न करूनही फरक दिसत नाही. पुढील शिक्षणाबाबत फार अपेक्षा ठेवू नये.' खाली सही, तारीख. मग पोळ्यांची कणीक मळायची होती.

"न्हाय, लिहिलं मी. लिहिलं… पर म्हंजी लगीन लावा असं कुठं लिहिलंय? अगं, शेरा असतो तो. शाळंत आमी लिहितो तसला… समद्यांनाच काय बाय लिहितो… काय केलं? पाव्हण्यांना दाखवलं? माझं पत्र?… कशापायी?… 'कामसू' लिहिलंय म्हणून?"

तिने चार-पाच शेंगा एकापाठोपाठ मोडल्या.

"हाय, हाय. ठेवला न्हाय फोन… आक्का, माझं ऐक. दिवाळीपासनं तिच्या शाळंत गणिताला मास्तरच न्हवता. तिनंच सांगितलं मला… मी काय केलं मग? मी काय बी न्हाय केलं… तीन आठवड्यांत कुणाचं डोकं मोजून व्हतं व्हय? अगं, ते काय जल्मताना मापून घालत न्हाईत. शिकवणारा लागतो. रोज बसवणारा लागतो… माझं काय येगळं?… उपजत बिपजत काय न्हाय. आबांनी वळखलं, म्हणून मी शिकले. एवढंच."

हे ती दरवर्षी सांगत असे. शाळेच्या संमेलनात कुणीतरी आग्रह करी, आणि मग ती उभी राहून, हात पदरात घेऊन, हळू आवाजात सांगे की मेंढरांमागे हिंडणाऱ्या निरक्षर बापाने दोन लेकींतली हुशार कोण ते ओळखलं, तिला शाळेत घातलं आणि दुसरीला कळपामागे ठेवलं. मुलं टाळ्या वाजवत.

"हसायला काय झालं?… मग? मग कशापायी घातलं मला शाळंत?… कोकरं? कोकरांचं काय?… व्हय, ते आठवतं. दिस मावळताना मेंढरं माघारी यायची आणि जाळीतनं कोकरं सोडायची. ज्याचं त्याच्या आईखाली लावायचं… तू लावायचीस, म्हाईत हाय. दीडशे कोकरं, आणि एक चुकायचं न्हाय… मी? मी बी लावायची?… चुकायची?… दुसऱ्याच मेंढीखाली… मग पाजायची न्हाय ती… मेलं?… किती मेली, आक्का?… तीन."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग आबा काय म्हणाले?… सांग की. आता काय त्याचं… 'हिला डोकं न्हाय. शाळंत घाला. तितं चुकलं तर कुणी मरत न्हाय.'… असं म्हणाले?… आईम्होरं?… आणि तुला ठेवून घेतलं. तुझ्यासारखी हुशार पोरगी शाळंत घालवायची कशाला… व्हय. बरोबर हाय त्यांचं… न्हाय गं, राग कशाचा. काय बी वाटत न्हाय. खरंच."

खरंच काही वाटत नव्हतं. दाढ काढताना भूल देतात, मग डॉक्टर चिमट्याने दाबून विचारतो, दुखतंय का? दाबलेलं कळतं, दुखत मात्र नाही. तसं होतं. तिने ताटाकडे पाहिलं. मोडलेल्या शेंगांत आता देठही पडू लागले होते. ते ती एकेक करून वेचू लागली. आणि सवयीने कारण शोधायला लागली.

"आक्का, एक सांग. तुला कसं कळायचं, कुठलं कोकरू कुणाचं?… आपसूक न्हाय. कुणीतरी दाखवलं असंल… आबांनी. चार वर्सांची व्हतीस तवापासनं?… रोज सांजचं?… आणि मी कुठं व्हते?… हिवताप. दोन पावसाळे?… म्हंजी मी तितं न्हवतेच. मग मला कुठनं यावं?… बरं बाई, तुझे डोळे देवानं दिले. मी कुठं न्हाय म्हणतीय… आक्का, ऐक ना, मला हे बोलायचं न्हाय. दाजी हायत का तितं? दे. दे त्यांच्याकडं."

रामहरीने मेंढरं विकून निरवांगीला ऊस लावला होता. माणूस रोखठोक, पण कागदावर लिहिलेल्या अक्षराला फार मान द्यायचा.

"नमस्कार, दाजी… व्हय, मीच लिहिलं. सही बी माझीच… दाजी, ते चुकलं माझं… न्हाय, आक्का काय बोलली न्हाय. चुकलं म्हंजी चुकलं. बाई बी चुकती… एका शब्दात न्हाय सांगता येत, दाजी. डोकं हाय म्हणून बी लिहून देत न्हाय मी. तीन आठवड्यांत कळत न्हाय, एवढंच कळतं मला… माझ्याकडं ठेवा. एक वरीस. रोज बसते तिच्यासंगं… नापास झाली तर तुमी म्हणाल ते… पाव्हण्यांना? सांगा, मास्तरीण खुळी हाय, भलतंच लिहून बसली… न्हाय, हसत न्हाय मी."

पलीकडे रामहरी कुणाशी तरी बोलला. कौसल्याचा आवाज चढला, मग उतरला.

"हां, दाजी… खरं म्हणताय? थांबवता?… न्हाय, काय न्हाय, ऐकतीय… बरं, उपकार न्हाय म्हणत… तिला इचारू? आलीया व्हय संगं? द्या की मग."

आता आपण शाळेतली भाषा बोलतो आहोत हे मनिषाच्या लक्षातही आलं नाही.

"वैष्णवी? मावशी बोलतेय. ऐकलंस ना? बाबा तयार आहेत. उद्याची सुपारी थांबवली. तू सोमवारी सकाळच्या एसटीने निघ, मी स्टँडवर येते. दप्तर वगैरे काही… का?… का नको?… कोणी रागावलं का तुला?… मग काय झालं?… नाही गं, तसं नसतं. गती अशी काही… हो. मीच लिहिलं. पण… मावशी खोटं लिहिणार नाही, बरोबर आहे. खोटं नव्हतं ते, चूक होतं. दोन्हींत फरक… काय म्हणतेस?… पाठ आहे?… म्हण. ऐकते मी."

मुलगी मावशीचं पत्र म्हणू लागली. मे महिन्यात 'अ अधिक ब'चा वर्ग म्हणताना मधलं 'दोन अब' तिच्याकडून दरवेळी गळायचं. रोज म्हणून घेतलं तरी गळायचं. आता ती कुठेही अडखळत नव्हती. चिरंजीव म्हणाली, शांत म्हणाली, मग स्वल्पविरामाइतकी थांबली. आवाजात रुसवा नव्हता की रडणं नव्हतं. पाढा म्हणावा तसं चार वाक्यं म्हणून ती सही-तारखेपाशी येऊन थांबली.

"हो… तेवढंच आहे… तारीखही बरोबर. एक शब्द चुकला नाही तुझा… किती वेळा वाचलंस?… एकदाच?… मग बघ ना, वैष्णवी! एकदा वाचून जिला एवढं लक्षात राहतं, तिला… का? तूच सांग, का राहिलं लक्षात?…

"पटलं म्हणून?

"अगं… हॅलो?… वैष्णवी, फोन ठेवू नकोस… हॅलो?… आक्का?… हॅलो?…"