गिरणीचा कान

मंडळी, पिंडाला कावळा शिवलाय. आता तुम्हाला घरी जायची घाई असणार, ऊनही चढतंय. तरी तात्यांच्या मुलाने, दत्ताने, मला चार शब्द बोलायला सांगितलंय, तेवढं ऐकून घ्या. मी या गावात पंचवीस वर्षं टपाल वाटलं. कुणाला मनीऑर्डर दिली, कुणाला वाईट बातमीची तार वाचून दाखवली. पण अशा माणसांपुढं उभा राहून कधी बोललो नाही. आणि आज तर तात्यांबद्दल बोलायचंय. मध्येच थांबलो तर ओरडू नका.

तुम्ही सगळे तात्यांना गिरणीवाले म्हणून ओळखता. निरगुडसरमधलं एकही घर नसेल, ज्यानं तात्यांच्या हातचं पीठ खाल्लं नाही. मी त्यांना ओळखायला लागलो तो मात्र पिठामुळं नाही. माझं पोस्ट गिरणीला लागून. एकाच भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं ते. मी वरच्या डोंगरातल्या तळेघरचा. बायको वर भाताची खाचरं सांभाळायची आणि मी इथं एका खोलीत. वर जायला एस.टी. कधी मिळायची, कधी नाही. आठवडेच्या आठवडे मी कुणाशी धड बोलायचो नाही.

एक दिवस तात्या भिंतीवरून डोकावले. म्हणाले, "भाऊ, घटकाभर येतो का हिकडं?"

गेलो. गिरणी सुरू होती. पट्ट्याचा फटफटाट, मोटारीची घरघर. त्यांनी मला आत पोत्यावर बसवलं, कानाशी तोंड आणलं आणि म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. दोन वरसं झाली. कुणाला सांगू नको."

मंडळी, गिरणीवाल्याचं सगळं काम कानावर असतं. वरच्या टोपल्यातले दाणे संपत आले की दगडाचा आवाज बदलतो. आधी भरदार असतो, मग पातळ होतो. त्या क्षणी गिरणी बंद करायची. नाही केली तर दगडावर दगड घासतो आणि कच पिठात उतरते. तीस वर्षं त्याच आवाजात उभं राहून तात्यांचे कान गेले होते, आणि ते तो आवाज ओळखू शकत नव्हते.

मग आमचं ठरलं. टपाल वाटून आलो की दुपारी मी पोत्यावर बसायचं. आवाज पातळ झाला की उजव्या हाताचं बोट वर करायचं. तात्या माझ्याकडं बघत नसल्यासारखं करायचे. पण बोट उठलं की त्यांचा हात बटणावर. दोन वर्षं असं चाललं. गावात कुणाला पत्ता नाही. दत्ता, तुलासुद्धा नव्हता.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायला उशीर झालाय. लई उशीर.

गावात एस.टी.डी. बूथ नुकतं आलं होतं, त्या वर्षीची गोष्ट. दळणाला आलेल्या कुणीतरी विचारलं, "तात्या, ह्यो पोस्टमन रोज हितं काय करतोय वं?" तात्या गडबडले. आपलं बिंग फुटेल असं वाटलं असणार. हसून म्हणाले, "डोंगरातलं येडं हाय राव. त्यांच्याकडं गिरण न्हाई ना, म्हणून बघत बसतंय." सगळे हसले. मीही हसलो. पण आतून जळलो. दोन वर्षं मी यांचा कान झालो आणि मलाच येडं म्हणतात!

त्याच दुपारी टोपलं रिकामं झालं. आवाज पातळ झाला. मला ऐकू आला, मंडळी. स्वच्छ ऐकू आला. मी हात खिशात घातला आणि खिशातच ठेवला.

तात्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी दाराबाहेर बघत होतो.

मग जळका वास सुटला. कुणीतरी ओरडत आत धावत आलं. त्या रात्रीच्या भाकरी तुमच्यातल्या कित्येकांना आठवत असतील. दाताखाली कचकच. गावभर झालं की तात्या बहिरे झाले, आता गिरणी त्यांच्याच्यानं होत नाही. दुसऱ्या दिवशी दत्तानं त्यांच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. त्याची काय चूक? कुणीही घेतल्या असत्या. तात्यांनी मुकाट्यानं दिल्या. माझं नाव घेतलं नाही. मीही बोललो नाही.

मला वाटलं, आता हे माझं तोंड बघणार नाहीत. तर त्याच संध्याकाळी आले आणि पोस्टाच्या ओट्यावर बसले. म्हणाले, "भाऊ, आता काम न्हाई. बसल्या बसल्या सांग, काय ऐकू येतंय."

लाजेपोटी सांगायला लागलो. "काही नाही तात्या, एस.टी. गेली." ते म्हणायचे, "कुठली? मंचरची का? भरलेली का रिकामी?" मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकली. भरलेली एस.टी. चढावर कण्हते, रिकामी खडखडते. इतकी वर्षं रोज ऐकत होतो आणि ऐकलं नव्हतं.

मग रोजच सुरू झालं. लाइट आली की नदीवरच्या मोटारी एकेक करून सुरू होतात. सगळ्यात आधी कुणाची, ते मी सांगायचो. पत्र्यावर निंबोळ्या पडतात. वारा उसातून वेगळा येतो आणि बाजरीतून वेगळा. कोण घागर आदळून ठेवतं, कोण हळू टेकवतं. त्यांच्या उजव्या कानात ओरडून सांगावं लागायचं. "तात्या, टिटवी ओरडतेय!" साऱ्या आळीला ऐकू जायचं. पोरं हसायची. एकदा तात्यांनी विचारलं, "तुझ्या तळेघरला काय ऐकू येतं रं?" म्हटलं, पाणी. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरतं ते. ते डोळे मिटून बसले. माझी बायको गेली त्यानंतर तात्यांनी तेच पाणी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात ते अंथरुणाला खिळले. मी जवळ बसलो होतो. ही गोष्ट ओरडून सांगता येईना. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती, म्हणून नुसते ओठ हलवले. "तात्या, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

ते म्हणाले, "ठावं हाय. मलाबी कळलं व्हतं. पायाला. रिकामी गिरण जिमिनीत येगळी थरथरती."

"मग बंद का नाही केलीत?"

"तुझं बोट उठलं न्हवतं ना. मला वाटलं, माझे पायच चुकत्यात."

मंडळी, त्यांनी स्वतःच्या पायावर विश्वास ठेवला नाही, माझ्या बोटावर ठेवला. दत्ता, त्या पिठातली कच तुझ्या वडिलांची नव्हती. माझी होती. हे आज सगळ्या गावासमोर सांगतो. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

दहा दिवस झाले. संध्याकाळी मी ओट्यावर बसतो. सगळं ऐकू येतं. टिटवी येते, मोटारी सुरू होतात. ऐकतो आणि कुणाला सांगू ते समजत नाही. घरात येऊन दार लावून घेतो, तरी ऐकू येत राहतं. तात्यांनी मला ऐकायला शिकवलं आणि आता ऐकणाराच उरला नाही.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. दत्ताने आज गिरणी बंद ठेवलीय. नदी आहे, वारा आहे, वर कावळे आहेत. त्यांच्या वाटणीचं ऐका.

दोन मिनिटं झाली की मी बोट वर करीन. तात्या, या वेळी करीन.