माझी तांत्रिक अडचण

…नाही हो, अकरा खिसे! त्या जाकिटाला अकरा खिसे होते, मी मोजले, तहसीलदार मॅडमची मीटिंग चालू असताना मोजले, आणि मला सांगा, माणसाला अकरा खिसे लागतात कशाला? माझ्या शर्टाला एक खिसा, त्यात एक पेन, आणि त्या एका पेनावर आख्ख्या तालुक्याची आपत्ती चालते! मी जळत नाही हां, आधीच सांगतो. जळायचंय काय त्यात? पण अकरा?

तर मी हरिश्चंद्र परब. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून, आपत्तीचं टेबल माझ्याकडे. म्हणजे समुद्रात वादळ उठलं की पहिला फोन माझा वाजतो आणि वादळ गेलं की पहिली शिवी मला पडते. अठ्ठावीस मेला ते वादळ आलं, माड आडवे झाले, कौलं उडाली, ते सगळं तुम्ही टीव्हीवर बघितलंत. टीव्हीवर जे आलं नाही ते म्हणजे खाजणवाडी. खाडीच्या पलीकडे चाळीस घरं. समुद्र खाडीतून आत घुसला, विहिरींत उतरला, आणि जाताना वाडीचा पूल घेऊन गेला. चाळीस घरं आणि प्यायला थेंब नाही! मी आठ दिवस धड जेवलो नाही, याद्या करतोय, पंचनामे करतोय, टँकर मागवतोय… कोणी विचारलं का, परब, जेवलास का? नाही!

आणि मग पांढऱ्या गाडीतून कोण उतरलं? सर्वेश केळुसकर, अंगात ते अकरा खिशांचं जाकीट!

माझ्या वर्गातला. सातवीच्या भूगोलाच्या पेपरात ज्यानं जपान हिंदी महासागरात नेऊन ठेवला होता, तो! तो आता अमेरिकेतल्या एका मोठ्या मदत संस्थेत. नेपाळात भूकंप, सर्वेश नेपाळात. तुर्कस्तानात भूकंप, सर्वेश तुर्कस्तानात. आणि मी? मी कणकवलीच्या पुढे ट्रेनिंगला गेलो तो पिंगुळीपर्यंत, तेही अर्ध्या दिवसासाठी. मी जळत नाही हां…

मीटिंगमध्ये त्याला पुढची खुर्ची. त्याच्याबरोबर एक गोरा इंजिनीअर, एरिक. मॅडमना तो सरळ नावानं हाक मारतो, "थँक यू, तेजस्वी!" आम्ही त्यांच्या केबिनमध्ये जाताना चपला काढू की नको याचा विचार करतो! आणि सर्वेश सांगतोय, खारं पाणी गोडं करायचं मशीन आणलंय, दिल्लीची परवानगी आली, मंत्रालयाची आली, जिल्ह्याची आली, ट्रक खारेपाटणला येऊन उभा आहे… "आता फक्त तालुक्याचा एक दाखला हवा." म्हणजे कोणत्या वाडीला गरज आहे, तिथे दुसरं कोणी पाणी देत नाही ना, मशीन ताब्यात कोण घेणार. परदेशातली मदत अशी कोणी उठून आणायची नसते, सरकारच्या हातात हात घालूनच यावी लागते. मॅडम म्हणाल्या, "परब बघतील."

आहे की नाही! दिल्ली झाली, मुंबई झाली, आणि आता सगळं जग माझ्या टेबलापाशी अडलं!

त्या दिवशी दुपारी सर्वेश आमच्या घरी जेवायला. विमलानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, सुरमई केली. मी ताटाकडे बघितलं. माझ्या ताटात शेपटीकडचा तुकडा. त्याच्या ताटात मधला, जाडजूड, तळहाताएवढा! वर विमला विचारते, "भावजींनू, तुर्कस्तानात मासे गावतत काय हो?" अगो, अठरा वर्षांत मला तू कधी विचारलंस, तहसीलमध्ये काय मिळतं म्हणून? नंतर मी नुसतं म्हटलं, एवढं काय त्याचं कौतुक? तर म्हणते कशी, "तुमका काय खुपता? तो जगाची सेवा करता!" आणि मी काय पत्ते खेळतो?

मी जळत नाही हां! पण दुसऱ्या दिवशी फाईल उघडली आणि मला दिसली तारीख.

संस्थेच्या पत्रावर तारीख होती शून्य सहा, शून्य तीन. आता अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. म्हणजे तीन जून. हे मला माहीत नव्हतं का? होतं! चांगलं माहीत होतं! पण माझ्या आत कोणीतरी म्हणालं, हरी, आपल्याकडे याला सहा मार्च म्हणतात. आणि मी सर्वेशला टेबलासमोर उभा करून, चष्मा नाकावर सरकवून, साहेबी आवाजात विचारलं, "मिस्टर केळुसकर, वादळ आलं अठ्ठावीस मेला, आणि तुमचं मदतीचं पत्र सहा मार्चचं? तीन महिने आधी? वादळ तुम्ही पाठवलंत की काय?"

आख्खी कचेरी हसली. काय सांगू तुम्हाला, आठ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं! तो म्हणाला, "हरी, ह्या काय रे? तुका कळता मा?" मी म्हटलं, "नियम आहे. सुधारित पत्र आणा." आणि शेरा मारून फाईल परत! तो फोन घेऊन बाहेर गेला, अमेरिकेतल्या कोणाला तरी झोपेतून उठवायला. एक दिवस, म्हटलं, एक दिवस थांबू दे की. जगाची सेवा एक दिवस उशिरा!

दुसऱ्या दिवशी टँकरची पाहणी होती, म्हणून मी खाजणवाडीला गेलो. माझ्या यादीत लिहिलेलं, 'खाजणवाडी – टँकर सुरू.' टँकर सुरू होता हो! पण पूल नाही, म्हणून टँकर खाडीच्या अलीकडे थांबायचा, आणि पलीकडची माणसं ओहोटी लागली की कमरेएवढ्या चिखलातून डोक्यावर हंडा घेऊन यायची. भरती असली की टँकर अलीकडे, माणसं पलीकडे, दोघं एकमेकांकडे बघतायत. माझ्या यादीत चिखलाचा रकानाच नव्हता.

मीही त्या चिखलातून पलीकडे गेलो. पहिलं घर हौसाबाईचं. पंचाहत्तरीची बाई, अर्धं छप्पर उडालेलं, आणि मला बघून म्हणते, "सायब इलो, बस बाबा, चाय करतंय." नको नको म्हणेपर्यंत कप हातात. मी घोट घेतला… खारट! चहा हो, खारट! ती ओशाळली, मागच्या विहिरीकडे बोट दाखवलं. "मीठ घालूक नाय रे, बावच खारी झाली. टँकरचा पाणी नातीक ठेवलंय."

आत नात, रिया, चार वर्षांची. गोधडीवर पडलेली, ओठ सुकलेले. पाणी संपलं त्या दिवशी डबक्यातलं प्यायली होती, तेव्हापासून उलट्या-जुलाब. आरोग्यसेविका सकाळी येऊन गेली होती, सांगून गेली, चांगलं पाणी द्या, भरपूर द्या. भरपूर! हौसाबाई चमच्याचमच्यानं देत होती. म्हणाली, "एक मशीन येतला म्हणतत. खंय अडाकला रे ता?"

मी म्हटलं, "खारेपाटणाक."

तिनं कपाळावर हात मारला. "मेल्यांनी मशीनय खाऱ्यातच नेवन ठेवल्यानी!"

इतर वेळी मी हसलो असतो. त्या दिवशी मला तो चहा गिळता येईना आणि थुंकताही येईना. मशीन खारेपाटणला अडलेलं नव्हतं हो. ते माझ्यात अडलेलं होतं!

मी आलो तसा चिखलातून परत, पँट कमरेपर्यंत राड, मोटरसायकल काढली आणि थेट ओरोस, मॅडम तिथे कलेक्टरांच्या बैठकीला होत्या. बैठकीच्या दाराशीच त्यांना गाठलं. दाखला मी वाटेत एका टपरीवर बसून हातानं लिहिला होता, खाली टीप, 'तारीख अमेरिकी पद्धतीची आहे, मी खात्री केली आहे,' आणि माझी सही. मॅडमनी वाचलं, माझ्या पँटकडे बघितलं, म्हणाल्या, "परब, खात्री करायला अख्खा दिवस लागला?"

मी म्हटलं, "मॅडम, तांत्रिक अडचण होती."

सरकारी भाषेत पोटदुखीला तांत्रिक अडचण म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी सही केली. तिथून मी खारेपाटण. सर्वेश ट्रकच्या फळीवर बसून कोरडा पाव खात होता. मी कागद पुढे केला. म्हटलं, "तारीख माका कळली हुती रे. कालच." तो म्हणाला, "माका म्हायत आसा." बस! एवढंच! निदान दोन शिव्या घालायच्या की नाही? तिथेही मोठेपणा!

ट्रक खाडीवर आला तर एरिक विचारतो, पूल कुठे आहे? आता आली का माझी पाळी! मी म्हटलं, पूल नाही, भरती आहे. पाताडे बंधूंच्या, वादळात फुटून नुकत्याच दुरुस्त झालेल्या दोन होड्या घेतल्या, मध्ये फळ्या बांधल्या, भरतीच्या पाण्यावर मशीन अलगद पलीकडे. एरिकच्या सगळ्या शिक्षणात हे नव्हतं! संध्याकाळच्या आत मशीन सुरू झालं, नळातून धार आली, आणि हौसाबाईनं पहिला पेला रियाला पाजला, दुसरा स्वतः प्यायली. "गोड आसा रे!" चार दिवसांत रिया अंगणात कोंबडीमागे धावायला लागली, मी डोळ्यांनी बघितली. माझं पोट तेव्हा कुठे निवलं.

पण आशीर्वाद कोणाला? हौसाबाईनं आईनं मुलाच्या फिरवावा तसा सर्वेशच्या तोंडावरून हात फिरवला, "झिल आसाचो तर असो!" आणि पेपरातला फोटो? सर्वेश, एरिक, मशीन, हौसाबाई… आणि डाव्या कडेला एक कोपर. ते कोपर माझं! मी जळत नाही हां. फक्त विमलाला ते कोपर बोटानं दाखवलं, तीनदा.

महिन्यानं त्या संस्थेचा अहवाल आला, इंग्रजीत, चकचकीत कागदावर. सर्वेशनं मला मुद्दाम पाठवला. मी नाव शोधलं. परब कुठेच नाही. होड्यांच्या पानावर फक्त एक वाक्य होतं, 'सुरुवातीच्या एका दिवसाच्या विलंबानंतर भारताच्या राष्ट्रीय यंत्रणेनं उत्कृष्ट सहकार्य केलं.'

दोनदा वाचलं. राष्ट्रीय यंत्रणा! एक दिवस विलंब कोणी केला? मी. होड्या कोणी बांधल्या? मी. म्हणजे पोट दुखलं हरिश्चंद्र परबाचं, आणि अमेरिकेत नाव गेलं भारताचं! पण मग उत्कृष्टही मीच की! छाती जरा फुगली हो. विमलाला हाक मारली, म्हटलं, "ऐकलंस? राष्ट्रीय यंत्रणा म्हणजे कोण, माहीत आहे? मी!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मगे राष्ट्रीय यंत्रणेन वायच उठान नळ बंद करूचो. कळशी भरान व्हावता हा."

गेलो. केला बंद. करणार काय?